चुंबकित प्रवाहांचा संक्षोभ आणि जाळीत न मावणारे भोवरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्याच्या पृष्ठभागाखालचा उकळता थर, ताऱ्यांमधला विरळ वायू, पृथ्वीच्या गाभ्यातलं वितळलेलं लोखंड, प्रयोगशाळेतलं द्रवरूप सोडियम. विद्युतवाहक द्रव जिथे खळबळून वाहतो, तिथे वेग आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना सतत घडवत असतात. हा प्रवाह संगणकावर सोडवताना सर्वांत बारीक हालचाली जाळीच्या घरांपेक्षाही लहान निघतात. त्यांचं काय करायचं, याबद्दल नव्याने या कामात येणारे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. साध्या द्रवाच्या संक्षोभाची, म्हणजे टर्ब्युलन्सची, तोंडओळख आहे असं गृहीत धरलं आहे.

जाळी आणखी बारीक करून सगळंच सोडवता येणार नाही का?

हिशेब करून पाहू. कोल्मोगोरोव्हच्या १९४१ च्या सिद्धांतानुसार सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान भोवरा यांच्या आकारांचं गुणोत्तर रेनॉल्ड्स अंकाच्या (प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट आहे याच्या मापाच्या) पाऊण घाताने वाढतं. तीन मितींत जाळीचे बिंदू सव्वादोन घाताने वाढतात. काळाची पावलंही लहान करावी लागतात, म्हणून एकूण खर्च जवळपास तिसऱ्या घाताने वाढतो. प्रत्येक दिशेतलं रिझोल्यूशन दुप्पट करायचं, तर काम सोळा पट होतं.

पृथ्वीच्या गाभ्यासाठी रेनॉल्ड्स अंक १० चा ८ वा घात धरला, तरी १० चा १८ वा घात इतके बिंदू लागतील. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेलं आंतरतारकीय वायूचं एक सिम्युलेशन प्रत्येक दिशेला १०,०८० बिंदूंचं होतं, म्हणजे एकूण सुमारे १० चा १२ वा घात. या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या संगणनांपैकी ते एक आहे आणि तरीही दहा लाख पटींची तफावत उरते. परिभ्रमण आणि चुंबकीय क्षेत्र यांमुळे हा अंदाज बदलतो हे खरं, पण दरी बुजावी इतका बदलत नाही. म्हणून मोठे भोवरे थेट सोडवायचे आणि लहानांचा परिणाम सबग्रिड, म्हणजे जाळीखालच्या, मॉडेलने आणायचा, हा मार्ग धरावा लागतो. त्याला लार्ज एडी सिम्युलेशन, थोडक्यात एलईएस म्हणतात.

सबग्रिड मॉडेलला नेमकं काय पुरवायचं असतं?

समीकरणांवर फिल्टर लावला, म्हणजे एका ठरावीक रुंदीवर सरासरी घेतली, की रेषीय पदांना काही होत नाही. अडचण गुणाकाराच्या पदांत येते. दोन राशींच्या गुणाकाराची सरासरी आणि त्यांच्या सरासरींचा गुणाकार सारखे नसतात, आणि या दोहोंतला फरक जाळीवर उपलब्ध नसतो.

साध्या द्रवात असा एकच फरक उरतो, संवेगाच्या समीकरणातलं सबग्रिड प्रतिबल. एमएचडीत, म्हणजे विद्युतवाहक द्रवाच्या मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्समध्ये, दोन उरतात. संवेगाच्या समीकरणातल्या प्रतिबलात वेगाचा भाग आणि चुंबकीय भाग विरुद्ध चिन्हांनी येतात, म्हणजे लहान भोवऱ्यांचा ढकला आणि लहान बलरेषांचा ताण एकमेकांना काही अंशी छेद देतात. दुसरा फरक चुंबकीय क्षेत्राच्या प्रवर्तन समीकरणात, म्हणजे क्षेत्र काळानुसार कसं बदलतं ते सांगणाऱ्या समीकरणात, येतो. तो म्हणजे लहान वेग आणि लहान क्षेत्र यांच्या सदिश गुणाकारातून निर्माण होणारं विद्युतचालक बल.

माझ्या मते या विषयाचं खरं आव्हान या दुसऱ्या पदात आहे. पहिलं पद चुकलं तर प्रवाह थोडा जास्त किंवा कमी मंदावतो. दुसरं चुकलं तर चुंबकीय क्षेत्र टिकतं की विझतं, याचंच उत्तर बदलू शकतं. एक सोय मात्र आहे. मॉडेल थेट क्षेत्राला न लावता या विद्युतचालक बलाला लावलं आणि त्याचा कर्ल समीकरणात घातला, तर क्षेत्राचं अपसरण (डायव्हर्जन्स) शून्य राहण्याची, म्हणजे बलरेषा कुठे सुरू किंवा संपू न देण्याची, अट आपोआप पाळली जाते.

साध्या द्रवासाठी तयार असलेलं मॉडेल इथे का चालत नाही?

हवामानाच्या संगणनासाठी जोसेफ स्मागोरिन्स्कीने १९६३ मध्ये मांडलेलं मॉडेल आजही सर्वांना माहीत आहे. जाळीची रुंदी आणि स्थानिक विरूपणाचा दर यांवरून एक जादा श्यानता, म्हणजे चिकटपणा, काढायची आणि ती खऱ्या श्यानतेत मिळवायची. त्यातला स्थिरांक लिलीने कोल्मोगोरोव्हच्या स्पेक्ट्रमवरून (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा असते त्या आलेखावरून) सुमारे ०.१७ काढला. यामागचं गृहीतक साधं आहे : ऊर्जा मोठ्यांकडून लहानांकडे जाते आणि तिथे उष्णतेत विरते, त्यामुळे लहानांचं काम फक्त ऊर्जा शोषण्याचं.

चुंबकित प्रवाहात हे गृहीतक अनेक बाजूंनी ढासळतं. लहान भोवरे बलरेषा ताणतात, पिळतात, दुमडतात आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र वाढवतात. काझान्त्सेव्हने १९६७ मध्ये याचा सिद्धांत मांडला. या लघुस्तरीय डायनॅमोत क्षेत्राची वाढ सर्वांत वेगाने फिरणाऱ्या, म्हणजे बहुधा सर्वांत लहान भोवऱ्यांकडून होते. आपण जे फेकून देतो तेच इथे इंजिन असतं.

शिवाय सगळ्याच राशी खालच्या दिशेने वाहत नाहीत. चुंबकीय हेलिसिटी, म्हणजे बलरेषा किती पिळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या आहेत याचं माप, लहान आकारांकडून मोठ्यांकडे चढत जाते. फ्रिश, पूके, लेओरा आणि माझूर यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं. केवळ शोषून घेणारं मॉडेल हा वर जाणारा ओघ जन्मतःच कापून टाकतं.

तिसरी गोष्ट दिशेची. साध्या द्रवात मोठ्या आकाराचा सरासरी वेग आपण त्याच्याबरोबर चालणाऱ्या संदर्भचौकटीत जाऊन काढून टाकू शकतो, म्हणून लहान भोवऱ्यांना त्याची जाणीव राहत नाही. सरासरी चुंबकीय क्षेत्र असं काढता येत नाही. ते कितीही लहान आकारापर्यंत जाणवत राहतं आणि बलरेषांच्या ताणामुळे उठणारे आल्फव्हेन तरंग त्याच्या कडेने धावतात. इरोश्निकोव्ह आणि क्रेखनान यांनी १९६० च्या दशकात या तरंगांचा विचार करून ऊर्जेच्या स्पेक्ट्रमसाठी उणे दीड हा घात सुचवला. गोल्डराइख आणि श्रीधर यांच्या १९९५ च्या मांडणीत क्षेत्राला लंब दिशेत पुन्हा उणे पाच-तृतीयांश येतो. मात्र भोवरे जितके लहान, तितके ते क्षेत्राच्या दिशेने अधिक लांबट होत जातात. सर्व दिशांना सारखं वागणारं मॉडेल म्हणूनच सर्वांत लहान आकारांवर सर्वांत जास्त चुकतं.

एमएचडीसाठी स्मागोरिन्स्कीसारखी मॉडेलं आहेत का?

आहेत, आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. योशिझावाने १९८७ मध्ये सांख्यिकीय सिद्धांतावरून एमएचडीचं सबग्रिड मॉडेल मांडलं. थिओबाल्ड, फॉक्स आणि सोफिया यांनी १९९४ मध्ये सबग्रिड रोधकता, म्हणजे क्षेत्र विरवणारा जादा विद्युतरोध, सुचवली. त्यात वेगासाठी जादा श्यानता असते आणि क्षेत्रासाठी जाळीच्या रुंदीचा वर्ग गुणिले विद्युतप्रवाहाच्या घनतेचं मान या प्रमाणात जादा रोधकता असते. जिथे क्षेत्र झपाट्याने बदलतं तिथे प्रवाह दाट असतो आणि तिथेच विरणं वाढतं.

मला स्वतःला २००२ चं म्युलर आणि काराती यांचं रूप अधिक अर्थपूर्ण वाटतं. त्यांनी रोधकता विद्युतप्रवाह आणि व्हॉर्टिसिटी (द्रवाचं स्थानिक फिरणं) यांच्या बिंदू गुणाकाराशी जोडली. कारण असं : वेग आणि क्षेत्र (योग्य एककांत) एकमेकांना समांतर आणि सारख्याच मापाचे झाले की अरेषीय पदं एकमेकांना रद्द करतात आणि ऊर्जेचा ओघ थांबतो. मोठा प्रवाहसुद्धा अशा अवस्थेत दीर्घकाळ राहू शकतो. सौर वाऱ्यात, विशेषतः सूर्याजवळ, अशी समांतरता वारंवार मोजली गेली आहे. मॉडेलला ही अवस्था ओळखता आली नाही, तर जिथे ओघच नाही तिथेही ते ऊर्जा खात बसतं. बिंदू गुणाकाराचं चिन्ह बदललं की या मॉडेलची रोधकताही चिन्ह बदलते, म्हणजे ऊर्जा उलट वाहण्यालाही वाट मिळते.

डायनॅमिक मॉडेल म्हणजे काय?

स्थिरांक बाहेरून न देता चालू संगणनातूनच काढण्याची युक्ती. जर्मानो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ती साध्या द्रवासाठी मांडली. जाळीवर उपलब्ध असलेल्या प्रवाहावर आणखी रुंद फिल्टर लावायचा. दोन फिल्टरांच्या मधल्या भोवऱ्यांचं प्रतिबल आपल्याला नेमकं माहीत असतं, तेव्हा मॉडेल ते बरोबर देईल असा स्थिरांक निवडायचा. आगुलो, म्युलर, कनापेन आणि काराती यांनी २००१ मध्ये विरत जाणाऱ्या एमएचडी संक्षोभासाठी ही पद्धत वापरली.

हिचा मोठा फायदा असा, की शांत भागात स्थिरांक आपणहून शून्याकडे जातो. तोटाही आहे. बिंदूगणिक काढलेला स्थिरांक फार उड्या मारतो, मध्येच ऋण होतो आणि संगणन कोसळतं, म्हणून तो एखाद्या दिशेत किंवा संपूर्ण क्षेत्रावर सरासरी करून वापरतात. ज्या प्रवाहात कोणतीही दिशा एकजिनसी नसते तिथे ही सरासरी कशावर घ्यायची, हा निर्णय करणाऱ्यावर येतो.

ग्रेडियंट मॉडेलं आणि समरूपता मॉडेलं कधी वापरावीत?

ही मॉडेलं श्यानतेचं सोंग घेत नाहीत. ग्रेडियंट मॉडेलमध्ये फिल्टरचा टेलर विस्तार करून पहिलं पद ठेवतात. प्रतिबल मग फिल्टरच्या रुंदीच्या वर्गाचा बारावा भाग गुणिले वेगाच्या आणि क्षेत्राच्या उतारांच्या गुणाकारांचा फरक असं मिळतं. विद्युतचालक बलासाठीही याच धर्तीचं पद येतं आणि समायोजनाचा स्थिरांक लागत नाही. समरूपता मॉडेल गृहीत धरतं, की जाळीवरचे सर्वांत लहान भोवरे आणि जाळीखालचे सर्वांत मोठे भोवरे एकसारखे वागतात.

पूर्ण सोडवलेल्या संगणनाच्या माहितीशी बिंदूगणिक तुलना केली, तर या मॉडेलांची जुळणी स्मागोरिन्स्कीपेक्षा कितीतरी चांगली येते. ऊर्जा वर परतणंही त्यांत दिसतं. पण प्रत्यक्ष सिम्युलेशनमध्ये ती अनेकदा पुरेशी ऊर्जा काढत नाहीत, जाळीच्या टोकाला ऊर्जा साचते आणि संगणन अस्थिर होतं. म्हणून त्यांना थोडी एडी-श्यानता, म्हणजे स्मागोरिन्स्कीसारखी जादा श्यानता, जोडून मिश्र मॉडेल करतात. जुळणी उत्तम आणि निकाल वाईट, किंवा जुळणी वाईट आणि निकाल ठीक, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे. म्हणून केवळ जुळणीचा आकडा दाखवून मॉडेल चांगलं म्हणणाऱ्या लेखावर मी विश्वास ठेवत नाही.

अनेक खगोलभौतिक कोडमध्ये सबग्रिड मॉडेलच नसतं. मग ते चूक आहेत का?

चूक म्हणता येणार नाही, पण त्यांत मॉडेल नाही हे म्हणणंही खरं नाही. धक्कालहरी पकडणाऱ्या संख्यात्मक पद्धती जाळीच्या रुंदीला स्वतःचं विरण घडवतात. तेच सबग्रिड मॉडेलचं काम करतं, म्हणून याला गर्भित एलईएस म्हणतात. अतिस्वनी प्रवाहात ते बहुधा चांगलं चालतं. प्रश्न असा, की वेगाचं आणि क्षेत्राचं विरण किती, हे तुम्ही निवडलेलं नसतं, पद्धतीने निवडलेलं असतं. त्यांचं गुणोत्तर साधारणपणे एकाच्या आसपास पडतं, मग खऱ्या पदार्थात ते काहीही असो.

याचा सर्वांत बोलका दाखला संचयन चकत्यांचा, म्हणजे ताऱ्याभोवती फिरत त्याच्याकडे घसरणाऱ्या वायूच्या चकत्यांचा, आहे. बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवलेल्या चुंबकीय अस्थिरतेमुळे चकतीत संक्षोभ उठतो आणि कोनीय संवेग बाहेर वाहतो. फ्रोमान्ग आणि पापालोइझू यांनी २००७ मध्ये निव्वळ चुंबकीय फ्लक्स शून्य असलेल्या चौकोनी तुकड्यात, कोणतंही स्पष्ट विरण न घालता, हे संगणन वेगवेगळ्या जाळ्यांवर केलं. रिझोल्यूशन दुप्पट केलं की संवेगाचं वहन सुमारे निम्मं होत गेलं. म्हणजे चकतीतून पदार्थ किती वेगाने ताऱ्याकडे घसरतो, या भल्यामोठ्या प्रश्नाचं उत्तर जाळी ठरवत होती. त्याच गटाने खरी श्यानता आणि रोधकता घालून पाहिली, तेव्हा दोहोंचं गुणोत्तर पुरेसं मोठं नसेल तर त्या संगणनांत संक्षोभ टिकलाच नाही.

लहान आकारांना तपशील समजून सोडणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

हे गुणोत्तर, म्हणजे चुंबकीय प्रांटल अंक, इतकं महत्त्वाचं का?

श्यानतेला चुंबकीय विसरणतेने भागलं की चुंबकीय प्रांटल अंक मिळतो. वेगाचे भोवरे आधी संपतात की क्षेत्राच्या घड्या, हे त्यावरून कळतं. द्रव सोडियममध्ये तो १० चा उणे ५ वा घात इतका असतो, सूर्याच्या पृष्ठभागाजवळही साधारण तेवढाच. आकाशगंगेतल्या उष्ण विरळ वायूत मात्र तो अब्जावधींच्या घरात जातो. संगणक आपल्याला एकाच्या आजूबाजूला अडकवून ठेवतो.

अंक लहान असेल तर क्षेत्र मोठ्या आकारांवरच गुळगुळीत होतं आणि सबग्रिड भागात निव्वळ वेगाचे भोवरे उरतात. तेव्हा रोधकता खरी ठेवून केवळ श्यानतेसाठी मॉडेल लावणं रास्त ठरतं. अंक मोठा असेल तर वेग गुळगुळीत झाल्यावरही क्षेत्राच्या घड्या बारीक होत राहतात आणि मॉडेलचा सगळा भार प्रवर्तन समीकरणावर येतो. एकच मॉडेल दोन्ही टोकांना चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. कमी अंकाला लघुस्तरीय डायनॅमो टिकतो का, यावर बराच काळ वाद होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणनांत तो ०.००३१ पर्यंत चालू राहतो असं दिसलं.

अतिविसरण वापरून लहान आकार दाबले तर?

उच्च घाताचं विसरण फक्त जाळीच्या टोकाला जोरात लागतं आणि बाकी प्रवाह मोकळा राहतो, म्हणून ते मोहात पाडतं. ग्लाट्झमायर आणि रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं उलटणं दाखवणारं गाजलेलं त्रिमित संगणन केलं, त्यातही ते होतं. नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं, की अशा विसरणाने गाभ्यातल्या बलांचा समतोल आणि प्रवाहाचं रूपही बदलू शकतं. आणखी एक दोष म्हणजे स्पेक्ट्रमच्या टोकाशी ऊर्जेचा फुगवटा येतो आणि घात मोजताना फसगत होते.

मीन-फील्ड सिद्धांतातला अल्फा परिणाम म्हणजेच सबग्रिड मॉडेल ना?

नातं जवळचं आहे. श्टेनबेक, क्राउझे आणि रेडलर यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की पिळदार भोवऱ्यांमुळे सरासरी क्षेत्राच्या दिशेतच विद्युतचालक बल निर्माण होऊ शकतं. पण तिथे सगळाच संक्षोभ सरासरीत जातो, एलईएसमध्ये फक्त जाळीखालचा. दोन्हींत चुंबकीय हेलिसिटीचा हिशेब जुळला पाहिजे. नुसता अल्फा घातला तर मोठं क्षेत्र अमर्याद वाढतं, कारण लहान आकारांत साचणारी उलट चिन्हाची हेलिसिटी ती वाढ रोखते हे समीकरणात आलेलंच नसतं.

द्रव धातूंच्या प्रवाहातही हीच गुंतागुंत असते का?

नाही, तिथे काम बरंच सुकर होतं. पोलादाच्या अखंड ओतकामात किंवा संलयन भट्टीच्या लिथियम-शिसे आवरणात चुंबकीय रेनॉल्ड्स अंक (प्रवाह क्षेत्राला वाहून नेतो आणि ते विरतं, यांचं गुणोत्तर) लहान असतो. प्रवाह लादलेल्या क्षेत्राला जेमतेम वाकवतो, त्यामुळे प्रवर्तन समीकरण वेगळं सोडवावं लागत नाही. मात्र ज्यूल उष्णतेमुळे मोठे भोवरेही थेट ऊर्जा गमावतात, क्षेत्राच्या दिशेने लांबतात, आणि खाली जाणारा ओघ क्षीण होतो. नेहमीचा स्थिरांक ठेवला तर मॉडेल प्रवाहाला गुदमरवतं. कनापेन आणि मोइन यांनी २००४ मध्ये दाखवलं, की डायनॅमिक पद्धत ही घट आपोआप पकडते. भिंतीजवळचा हार्टमन थर मात्र क्षेत्र वाढेल तसा पातळ होत जातो, आणि तो सोडवण्याइतके बिंदू तिथे द्यावेच लागतात.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणात या मॉडेलांची इतकी चर्चा का होते?

कारण तिथे जाळीची मर्यादा उघडी पडते. दोन तारे एकमेकांना भिडतात तेव्हा संपर्काच्या थरात केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता (एकमेकांवरून घसरणाऱ्या थरांत भोवरे उठवणारी) उठते आणि तिच्या वाढीचा वेग भोवऱ्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. लहानात लहान भोवरा सर्वांत आधी वाढतो, म्हणून जाळी बारीक करावी तसं क्षेत्र अधिक वाढलेलं दिसतं. किउची आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जाळी १७.५ मीटरपर्यंत नेली, तरीही वाढ रिझोल्यूशनवर अवलंबून राहिली. विनाशी एडी-रोधकता इथे निरुपयोगी आहे, कारण प्रश्न क्षेत्र निर्माण होण्याचा आहे. म्हणून सापेक्षतावादी एमएचडीसाठी ग्रेडियंट मॉडेलं विकसित झाली. दुसरीकडे, सुरुवातीलाच अतिप्रबळ आणि सुबक क्षेत्र देऊन ही वाढ भरून काढण्याची प्रथा आहे. त्यातून क्षेत्राचं बळ जुळेल, पण त्याची गुंतागुंत जुळत नाही, आणि पुढे जेट निघेल की नाही हे त्या गुंतागुंतीवर अवलंबून असतं.

जाळीखाली एमएचडीच लागू नसेल तर?

असं घडतं. पृथ्वीपाशी सौर वाऱ्यात प्रोटॉनची फिरण्याची त्रिज्या सुमारे १०० किलोमीटर असते. त्याखाली प्लाझ्मा एकजिनसी द्रवासारखा वागत नाही. बलरेषांच्या पुनर्जोडणीत, म्हणजे त्या तुटून नव्याने जोडल्या जातात तेव्हा, हीच अडचण येते. स्वीट-पार्कर मांडणीत जोडणीचा वेग लुंडक्विस्ट अंकाच्या (आल्फव्हेन तरंगाच्या वेगावरून काढलेल्या चुंबकीय रेनॉल्ड्स अंकाच्या) वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि सूर्याच्या प्रभामंडळात तो अंक १० च्या १२ व्या घाताइतका किंवा अधिक आहे. त्या हिशेबाने सौरज्वाला इतक्या झटपट भडकायलाच नकोत. लुंडक्विस्ट अंक १० च्या ४ थ्या घातापलीकडे गेला की लांब करंट शीटचे, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या पातळ पडद्याचे, तुकडे तुकडे होतात आणि जोडणी वेगाने होते. जाड जाळीवर हे तुकडे दिसत नाहीत, आणि जोडणीचा वेग जाळीचं विरण ठरवतं. अशा वेळी ज्वालेचा काळ निष्कर्ष म्हणून देऊ नये.

यंत्रशिक्षणाने हा प्रश्न सुटेल का?

काही अंशी. न्यूरल नेटवर्कला पूर्ण सोडवलेली माहिती देऊन सबग्रिड पदं शिकवता येतात आणि जुळणी छान येते. पण शिकवलेल्या प्रवाहापेक्षा वेगळा प्रांटल अंक किंवा वेगळं सरासरी क्षेत्र आलं की भरवसा उरत नाही. सममिती, अपसरणाची अट आणि हेलिसिटीचा हिशेब नेटवर्कच्या रचनेतच बसवलेला नसेल, तर मी असं मॉडेल वापरणार नाही.

स्वतः मॉडेल तपासून पाहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

आवर्ती सीमांच्या घनात, आपोआप विरत जाणाऱ्या संक्षोभापासून. आधी प्रत्येक दिशेला ५१२ बिंदूंचं पूर्ण सोडवलेलं संगणन करा, ते फिल्टर करून ६४ वर आणा, आणि त्याच सुरुवातीच्या स्थितीतून ६४ बिंदूंचं एलईएस चालवा. द्विमितीत राहू नका. तिथे डायनॅमो टिकू शकत नाही आणि चुंबकीय हेलिसिटीची जागा सदिश विभवाचा वर्ग घेतो, त्यामुळे जे तपासायचं तेच गायब होतं.

तुलना करताना एकूण ऊर्जेवर थांबू नका. गतिज आणि चुंबकीय ऊर्जा वेगवेगळ्या पाहा, क्रॉस हेलिसिटी (वेग आणि क्षेत्र किती समांतर आहेत याचं माप) आणि चुंबकीय हेलिसिटी काळानुसार आखा, फिल्टरच्या रुंदीवरून ओलांडणारा ऊर्जेचा ओघ दोन्ही दिशांनी मोजा. मग सरासरी चुंबकीय क्षेत्र घाला आणि क्षेत्राला समांतर व लंब स्पेक्ट्रम स्वतंत्र काढा. शेवटी मॉडेल पूर्ण बंद करून तोच प्रयोग पुन्हा करा. मॉडेल असताना आणि नसताना येणाऱ्या उत्तरांत फरक नसेल, तर तुमच्या पद्धतीचं संख्यात्मक विरणच सगळं काम करतं आहे, आणि आधी ते मोजायला हवं.